सगळे वर पोहोचले तरच देणगी?

वाचकाचं पत्र:

नमस्कार. मी कोल्हापूरची, वय ४४. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. आमची मूळ कंपनी इंग्लंडमधली. तिथले लोक टीम करून डोंगर चढतात आणि त्या निमित्तानं देणग्या गोळा करतात. यंदा आमच्या प्लांटनंही तसं करायचं ठरवलं. आठ जणांची टीम, जानेवारीतला एक शनिवार, कळसूबाई. पैसे जाणार ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा चालवणाऱ्या एका संस्थेला. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. उसाच्या फडात आईच्या मागं फिरणारी ती मुलं मी लहानपणापासून बघत आले, म्हणून मी सगळ्यात आधी नाव दिलं.

दिवाळीनंतर मीटिंग झाली. आमचे टीम लीडर तिशीच्या आतले, रोज जिमला जाणारे. त्यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या : आठच्या आठ जण शिखरावर पोहोचायचे आणि तेही तीन तासांत. एका सप्लायरनं याच अटीवर पन्नास हजार कबूल केलेत, आणखी दोघांनीही तसंच सांगितलंय. गेल्या रविवारी सराव म्हणून आम्ही बुधवार पेठेतून पन्हाळा चढलो. मी सगळ्यांच्या मागं. उतरताना उजवा गुडघा दुखायला लागला. एक जण हसत म्हणाला, "मॅडम, पन्नास हजार तुमच्या गुडघ्यावर हाईत बघा." त्या रात्री मला झोप लागली नाही. मिस्टर म्हणतात, नाव काढून घे. मुलगी म्हणते, जायचंच. नाव काढलं तर आठाची टीम राहत नाही. राहिले आणि चढता आलं नाही, तर त्या मुलांचे पैसे माझ्यामुळं जाणार. काय करू?

– एक वाचक, कोल्हापूर

ताई,

नाव इतक्यात काढू नका. गुडघ्याचं काय करायचं ते पुढं सांगते, पण आधी त्या अटीबद्दल बोलू. तुमच्या पत्रात मला खटकलं ते एवढंच. तुम्ही सावकाश चालता, यात काही चुकलेलं नाही. गुडघा दुखतो, त्यावर उपाय आहेत. पण 'आठही जण वर गेले तरच पैसे' हे मात्र चुकीचं आहे, आणि ते बदलून घ्यायची विनंती मी तुम्हाला करणार आहे.

कारण सांगते. डोंगरात माणसं घेऊन जाण्याचं काम मी बरीच वर्षं केलं आहे. त्यात मला 'दुखतंय' म्हणणाऱ्याची काळजी वाटत नाही. त्याला बसवता येतं, पाणी देता येतं, एकाला सोबत देऊन खाली पाठवता येतं. काळजी वाटते ती गप्प बसणाऱ्याची. चक्कर येत असते, पोटात ढवळत असतं, पाय मुरगळलेला असतो, पण आपल्यामुळं सगळ्यांचं बिघडेल म्हणून तो बोलत नाही. तो बोलतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. तुमच्या टीमची अट आठही जणांना गप्प बसायला शिकवते आहे. आज तुमचा गुडघा आहे, त्या दिवशी कदाचित त्या जिमवाल्या लीडरचं पोट बिघडलेलं असेल. पन्नास हजार समोर दिसत असताना 'चला, फिरू मागं' असं म्हणायला कुणाची जीभ उचलेल?

आपल्या कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकरचं उदाहरण तुमच्या लीडरना जरूर सांगा. २०२१ मध्ये एव्हरेस्टच्या मोहिमेवर हवामान बिघडलं आणि ती माघारी आली. लोकांनी गोळा केलेला पैसा, गावाची आशा, सगळं पाठीशी असताना ती फिरली. २०२२ च्या मे महिन्यात पुन्हा गेली आणि शिखरावर पोहोचली. आधीच्या वर्षी हट्ट केला असता, तर पुढचं वर्ष तिच्या वाट्याला आलं असतं का, कुणी सांगावं.

तुमच्या इंग्लंडच्या मंडळींचा कित्ता बहुधा तिथल्या 'थ्री पीक्स चॅलेंज'चा असावा. स्कॉटलंडमधलं बेन नेव्हिस १३४५ मीटर, इंग्लंडमधलं स्कॅफेल पाइक ९७८ मीटर आणि वेल्समधलं स्नोडन १०८५ मीटर, ही तीन शिखरं २४ तासांत करायची. हजारो लोक देणग्यांसाठी ते करतात आणि चांगल्या कामांना त्यातून पैसा मिळतो, हे मान्यच आहे. पण त्या घड्याळामुळं रात्रभर गाडी हाकणारे दमलेले ड्रायव्हर आणि अपरात्री गावात होणारा गोंगाट, याबद्दल तिथंही कुरकुर होत आली आहे. आपण त्यांच्याकडून मदतीचा हेतू घेऊ. घड्याळ घ्यायलाच हवं असं नाही.

आता पैशाचं. इथं तुमच्या हातात एक असा मुद्दा आहे, ज्याला टीममधल्या कुणालाही नाही म्हणता येणार नाही. साखरशाळा हंगामाबरोबर चालते. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या आगेमागे येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला गाडी भरून परत जातात. मुलांना वह्या, स्वेटर, दुपारचं खाणं, शिकवणाऱ्या ताईंचं मानधन, हे सगळं आत्ता लागतं. तुमची चढाई जानेवारीत. त्यानंतर हिशेब, मग चेक देण्याचा कार्यक्रम, फोटो. तोवर फेब्रुवारी उजाडेल आणि निम्म्याहून जास्त हंगाम सरलेला असेल. म्हणून देणगी चढाईच्या आधी पोचवायची. डोंगर हे पैसे गोळा करण्याचं निमित्त आहे, मुलांनी त्याच्या निकालाची वाट का बघायची?

सप्लायरना फोन करायला तुम्हाला संकोच वाटेल. पण ती माणसं वाईट नाहीत. अटीत थोडी चुरस असते, तेवढ्यापुरती त्यांनी ती घातलेली असते. मी तुमच्या जागी असते तर एवढंच म्हटलं असतं : "साहेब, तुम्ही कबूल केलेली रक्कम मुलांसाठी आहे. त्यांचा हंगाम आत्ता चालू आहे. आम्ही आठ जण दहा आठवडे सराव करणार आणि जानेवारीत चढणार, हे नक्की. वर किती जण पोचतील ते त्या दिवशीची हवा आणि तब्येत ठरवेल. त्यावर मुलांचे पैसे ठेवू नका. डिसेंबरात संस्थेला पाठवाल का?" यावर 'नाही' म्हणणारा माणूस कोल्हापुरात सापडणं अवघड आहे. २०१९ च्या महापुरात इथल्या लोकांनी पूरग्रस्तांसाठी घरं उघडली, चुली पेटवल्या, ते तुम्ही शिरोळच्या असल्यामुळं माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. तेव्हा कुणी अट घातली नव्हती.

चुरस हवीच असेल तर ती सरावावर लावा. टीम जितके रविवार एकत्र चालेल, त्या प्रत्येक रविवारचे अमुक रुपये. म्हणजे हजेरीला किंमत येते, आणि हजेरी तुमच्या हातात असते.

तुम्ही अकाउंट्सच्या, म्हणून व्यवहाराचं थोडं बोलते. पैसे लीडरच्या किंवा कुणाच्याही खासगी फोनवर क्यूआर कोडनं घेऊ नका. थेट संस्थेच्या बँक खात्यात जाऊ देत, आणि पावती संस्थेची असू दे. नोंदणीकृत न्यास नसताना धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणपतीच्या वर्गणीसाठी आपली मंडळं हीच परवानगी काढतात. थेट संस्थेकडे पैसे गेले की तुमच्या टीमचा हा प्रश्न उरत नाही. संस्थेची नोंदणी आणि देणगीवरच्या करसवलतीची मान्यता, ज्याला सगळे ८०जी म्हणतात, ती चालू आहे का ते कागद मागून बघा. दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर ती सवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना मुळातच नाही, हे देणाऱ्यांना आधीच सांगितलं की मार्चमध्ये कुणाचं तोंड वाकडं होत नाही. आणि बस, टी-शर्ट, बॅनर, जेवण यांचा खर्च देणगीतून एक रुपयाही नको. तो कंपनीनं किंवा आठ जणांनी वेगळा करावा. अकाउंट्सवालीनं हे सांगितलं तर वजन पडेल.

आता गुडघा.

उतरताना दुखतो, चढताना नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. उतारावर प्रत्येक पावलाला शरीराचा भार अडवून धरायचं काम मांडीच्या पुढच्या स्नायूंना करावं लागतं. ते कमी पडले की ताण गुडघ्यावर येतो. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्यांचे हे स्नायू बऱ्याचदा कमजोर झालेले असतात. पण हे माझं अनुमान झालं. तुम्ही याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि 'जानेवारीत डोंगर चढायचाय, उतरताना दुखतं' असं स्पष्ट सांगा. गुडघ्याला सूज येत असेल, तो मध्येच अडकत असेल किंवा चालताना दगा देत असेल, तर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत सरावही बंद. चाळिशी ओलांडलेल्या टीममधल्या प्रत्येकानं रक्तदाब, साखर आणि गरज वाटल्यास हृदयाची तपासणी करून घ्यावी. हे फक्त तुम्हाला लागू नाही, टीममध्ये जे कुणी पन्नाशीच्या आसपासचे साहेब असतील त्यांनाही आहे.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला तर फिजिओथेरपिस्टकडून मांडीचे आणि नितंबांचे व्यायाम शिकून घ्या. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता हळू उठणं आणि त्याहून हळू बसणं, एका पायरीवर उभं राहून एक पाय सावकाश खाली टेकवणं, असे साधेच असतात. रोज घरी होतात. दहा आठवडे हा पुरेसा काळ आहे. गुडघ्याची पट्टी, तेल, गोळी यांच्या भरवशावर राहू नका, आणि चढाईच्या दिवशी सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन निघणं तर अजिबात नको. दुखणं दबलं की पाय कुठं चुकतोय ते कळत नाही.

सरावासाठी कोल्हापुरातल्या माणसाला लांब जायला नको. आठवड्यातून दोन संध्याकाळी टेंबलाईच्या टेकडीवर जा. पहिल्या आठवड्यात एकदाच चढा-उतरा. मग फेऱ्या वाढवा. चढताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, ही वेगाची खूण. दोन शब्दांत दम लागत असेल तर वेग जास्त आहे. बोलता येतंय तोवर तो वेग तुमचा, मग शेजारून कुणी का पळत जाईना.

आणि रविवारी जोतिबा. गाडीनं नाही. माघातल्या खेट्यांना, म्हणजे रविवारच्या पायी वाऱ्यांना, कोल्हापूरकर जसे जातात तसं, पंचगंगा घाटावरून पहाटे निघून वडणगे, निगवे, कुशिरे आणि मग गायमुखाकडून डोंगर. खेट्याला निघालेल्या गर्दीत साठी-सत्तरीतल्या बायका बघा. अनवाणी असतात, कुठं घाई नाही, कुठं थांबून बसणं नाही, ओठांवर चांगभलं, आणि उन्हं वर यायच्या आत गुलालात उभ्या असतात. मला त्यांच्या चालीहून चांगला धडा माहीत नाही. पहिल्या रविवारी फक्त कुशिऱ्यापासून वर चढून या, पूर्ण वाट तीनचार आठवड्यांनी. उतरताना पायीच उतरा. बरेच जण वर जातात आणि खाली येताना एसटीत बसतात, मग त्यांच्या पायांना उताराची सवय कधी होणार? सराव उताराचाच जास्त लागतो. चढ दमवतो, पण पाय मुरगळणं, घसरणं, अंगठ्याची नखं काळी पडणं, हे उतरताना होतं. नखं दोन दिवस आधी कापा. बूट नवे घ्यायचे असतील तर आत्ता घ्या आणि सरावात घालून मऊ करा. दोन हातांत दोन काठ्या घेतल्या की गुडघ्यावरचा भार बराच हलका होतो. त्या वापरायचीही सवय करावी लागते, म्हणून त्याही आत्ताच.

कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, हे शाळेपासून पाठ असतं म्हणून लोक घाबरतात. पण तुम्ही समुद्रापासून चढणार नाही. बारी गावातून निघालं की आठशे ते नऊशे मीटरच्या दरम्यान चढ उरतो. उंचीमुळं हवा विरळ होऊन जो त्रास होतो तो साधारण अडीच हजार मीटरच्या पुढचा, इथं तो प्रश्न नाही. इथं दम लागला तर तो वेगामुळं. सरावातला माणूस तीन ते चार तासांत वर जातो. म्हणजे तुमच्या लीडरचे तीन तास अशक्य नाहीत, पण ते सरावलेल्या गटाला आणि मोकळ्या वाटेला. तुम्ही शनिवार धरलाय. शनिवार-रविवारी तिथं मुंबई, पुणे, नाशिककडून एवढी माणसं येतात की कड्यांवरच्या लोखंडी शिड्यांपाशी रांग लागते. आठही जण कितीही तयारीचे असले तरी रांगेत उभं राहावंच लागेल. रांगेत घड्याळ बघणारा माणूस शिडीवर घाई करतो, आणि घाई करू नये अशी ती जागा आहे. शक्य असेल तर दिवस बदलून मधला वार घ्या. शिडीवर चढताना काठ्या सॅकला बांधा, दोन्ही हात मोकळे ठेवा आणि पुढचा माणूस वर पोचल्याशिवाय पाय टाकू नका.

याहून मोठी गोष्ट बसची आहे. कोल्हापूर ते बारी, पुणे-संगमनेर-अकोले-राजूर असं धरलं तर चारशे किलोमीटरहून जास्त होतं. बहुतेक टीम शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघतात, रात्रभर बसमध्ये हिंदकळतात आणि पहाटे न झोपता चढायला लागतात. तुमच्याकडेही असंच ठरलं असेल, तर तुमच्या गुडघ्याआधी मी हे बदलेन. आदल्या दिवशी दुपारपर्यंत बारीत पोचा. गावात घरगुती राहण्याची, जेवणाची सोय होते. मूठभर पैसे त्या गावात राहतील आणि तुम्ही झोपून उठाल. परतीलाही दमलेल्या ड्रायव्हरनं लगेच निघू नये.

आता चालण्याच्या क्रमाबद्दल, आणि हे तुमच्या लीडरना नक्की वाचायला द्या.

पन्हाळ्यावर काय झालं असेल ते मी न बघता सांगू शकते. पुढचे चौघं-पाचजण भराभर गेले, वर सावलीत बसले, पाणी प्यायले, फोटो काढले. पंधरा मिनिटांनी तुम्ही पोचलात. तुम्ही पोचल्याबरोबर 'आल्या मॅडम, चला' म्हणून सगळे उठले. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना पंधरा मिनिटं मिळाली, आणि जिला होती तिला बाटलीचं झाकणही उघडता आलं नाही. पुढच्या थांब्यावर तुम्ही आणखी मागं. मागं पडणारा माणूस दर थांब्यावर जास्त दमत जातो, तो असाच. याला उपाय सोपा आहे. सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला लीडच्या, म्हणजे सगळ्यात पुढं चालणाऱ्याच्या, लगेच पाठीमागं, दुसऱ्या नंबरवर ठेवायचं आणि लीडनं त्याच्या पावलाकडं बघून चालायचं. सगळ्यात तयारीचा माणूस सर्वांत शेवटी, टेलला. तुमचे जिमवाले लीडर टेलला शोभतील. पुढच्याला गाठायची धडपड नसली की सावकाश चालणारा माणूस न थांबता चालतो, आणि न थांबता चालणारी टीम पळत-थांबत जाणाऱ्या टीमच्या फारशी मागं राहत नाही. थांबलात तर शेवटचा माणूस पोचल्यापासून विश्रांतीची मिनिटं मोजायची.

दुसरं, परत फिरायची वेळ आदल्या रात्री ठरवा. समजा पहाटे साडेपाचला निघालात तर अकराला जिथं असाल तिथून मागं. शिखर दहा मिनिटांवर असलं तरी. ती वेळ कोण जाहीर करणार, त्याचं नावही ठरवा, आणि तो लीडर नसला तर बरं. तुम्ही घ्या हे काम. जानेवारीत पहाटे वारा बोचतो आणि अकरानंतर उघड्या धारेवर ऊन अंगावर येतं, तेव्हा प्रत्येकी तीन लिटर पाणी, टोपी, ओआरएस आणि भाकरी-ठेचा किंवा गूळ-शेंगदाणे हवेतच. एकजण जरी खाली फिरला तरी त्याच्यासोबत दुसरा उतरणार, एकटं कुणालाही सोडायचं नाही. गावातला एक वाटाड्या घ्या. १०८ आणि ११२ हे दोन्ही नंबर माहीत असतात, पण वर रेंज जाते येते. म्हणून खाली गावात थांबणाऱ्या एका माणसाकडं आठ जणांची यादी, रक्तगट, घरचे नंबर आणि परतायची वेळ लिहून ठेवलेली असू दे.

ताई, त्या सहकाऱ्याच्या वाक्यानं तुमची झोप गेली, त्यावर मी फार बोलणार नाही. तो हसत बोलला आणि विसरलाही असेल. पण त्यानं नकळत तुमच्या टीमचा खरा दोष बोलून दाखवला. पन्नास हजार रुपये कुणाच्या गुडघ्यावर असता कामा नयेत. त्याला असंच सांगा, रागानं नको.

मिस्टरांची काळजी समजते. त्यांना रविवारी जोतिबाला सोबत घेऊन जा. तुमचं चालणं ते डोळ्यांनी बघतील आणि मग जे म्हणतील त्याला अर्थ असेल. मुलीलाही न्या.

आणि डॉक्टर 'यंदा नको' म्हणाले तर? मग चढू नका, पण टीममधून बाहेर पडू नका. खाली गावात थांबणारा तो माणूस तुम्ही व्हा. देणग्यांचा हिशेब, संस्थेशी बोलणं, पावत्या, सरावाची हजेरी, परतीची वेळ पाळली जातेय का ते बघणं, ही कामं कुणाला तरी करावीच लागणार आहेत आणि ती तुमच्याइतकी नीट बाकी सातजण करतील असं मला वाटत नाही. ती केली तर तुम्ही आठवी आहातच, टी-शर्टसकट. टीमनं हे मनापासून मान्य केलं पाहिजे आणि ते त्यांच्याकडून म्हणवून घ्या. एक मात्र सांगते, चढता येत असताना केवळ लाजेपोटी ही जागा मागू नका.

तेव्हा क्रम असा. सोमवारी लीडरना एकटं गाठून बोला. ग्रुपवर नको, तिथं उत्तरं अंगठ्यानं दिली जातात. साखरशाळेचा हंगाम कधी संपतो, तिथून सुरुवात करा, गुडघा नंतर काढा. त्यांना शक्य तितक्या लवकर एका शाळेच्या ठिकाणी घेऊन जा. शिरोळकडच्या एखाद्या कारखान्याजवळ टोळ्या उतरल्या असतील, संस्थेची माणसं वेळ सांगतील. संध्याकाळी फडातून आई-बाप परतायच्या आधी त्या मुलांसोबत तासभर बसू द्या त्यांना. सप्लायरना फोन त्यानंतर त्यांनीच करावा, आणि मला वाटतं ते करतील. डॉक्टरांची वेळ याच आठवड्यातली घ्या. बस बुक झाली असेल तर ट्रॅव्हल्सवाल्याला आधीच फोन करून निघायचा दिवस एक दिवस अलीकडे घ्या, कारण संक्रांतीच्या आसपास गाड्या मिळत नाहीत.